गटाचा भाव, पण माप आपल्या गाडीचं

वाचकाचं पत्र:

आमच्या मॉडेलच्या गाडीवाल्यांचा गट अलॉय व्हील्सची एकत्र ऑर्डर देतोय. ३० संच झाले तर कारखाना १५ टक्के सूट देणार आहे. आत्तापर्यंत २३ झालेत. सगळ्यांसाठी एकच माप ठरलंय: १६ इंच, ७जे, ईटी ३५, ४×१००, मधलं भोक ७३.१. त्यावर २०५/५५ आर १६ टायर. माझ्या गाडीची मूळ चाकं १५ इंच, ६जे, ईटी ४५, मधलं भोक ५४.१ आणि टायर १८५/६५ आर १५, ८८. गाडीत बरेचदा पाच माणसं आणि सामान असतं. संयोजक म्हणतो की त्याच्या गाडीला हेच माप छान बसलंय, पण त्याने मागच्या मडगार्डची कड आतून दुमडून घेतली आहे. रविवारपर्यंत ५० टक्के ॲडव्हान्स त्याच्या खात्यावर भरायचा आहे. माप बसेल का? पैसे भरू का? स्टेपनीसाठी पाचवं चाक घ्यावं का? आणि उरलेली रक्कम उभी करायला जुनी चाकं आत्ताच विकली तर चालेल का?

आमचं उत्तर:

या मापावर रविवारी पैसे भरू नका. गटखरेदी वाईट नाही, आणि तुमच्या पत्रावरून संयोजकाच्या हेतूबद्दल शंका घ्यावी असंही काही दिसत नाही. पण सूट मिळते ती सगळ्यांनी एकच माप घेण्याची, आणि इथे ठरलेलं माप कड दुमडलेल्या गाडीवरून घेतलेलं आहे. तुमची गाडी मूळ अवस्थेत आहे आणि भरून चालते. तिला हे माप बाहेरच्या बाजूला जास्त होतं. किती जास्त, ते आकड्यांतच बघू. हा हिशेब एकदा समजला की पुढच्या कुठल्याही चाकासाठी तुम्हाला दुसऱ्याच्या ‘बसतंय’ वर अवलंबून राहावं लागणार नाही.

ईटी म्हणजे ऑफसेट. चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, जिथे टेकतं तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर आहे, तो आकडा. ईटी कमी झाला की पूर्ण चाक तेवढंच बाहेर सरकतं. ‘जे’ च्या आधीचा आकडा ही रिमची इंचांतली रुंदी. ती वाढली की वाढ निम्मी आत आणि निम्मी बाहेर जाते. ६जे ते ७जे म्हणजे एक इंच, २५.४ मिमी, त्याचे निम्मे १२.७. ईटी ४५ वरून ३५ वर आला, म्हणजे चाक १० मिमी बाहेर. रिमची बाहेरची कड १२.७ अधिक १०, म्हणजे २२.७ मिमी बाहेर येते. आतली कड १२.७ वजा १०, म्हणजे फक्त २.७ मिमी आत जाते.

हा झाला रिमचा हिशेब. मडगार्डला घासतो तो मात्र टायर, आणि टायरवर छापलेली रुंदी ही एका ठरावीक मोजमापी रिमवरची असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायरची खरी रुंदी साधारण ५ मिमी वाढते. तुमचा १८५/६५ आर १५ हा ५.५ इंची रिमवर मोजलेला असतो, म्हणजे ६जे वर तो सुमारे १९० मिमी भरतो. २०५/५५ आर १६ चं मोजमाप ६.५ इंची रिमवरचं. ७जे वर तो सुमारे २१० होतो. दोन्हींचे निम्मे घेतले तर ९५ आणि १०५, फरक १० मिमी. त्यात ईटीचे १० मिळवा. टायर बाहेर २० मिमी येतो आणि आतल्या बाजूला जवळजवळ जिथल्या तिथे राहतो. सगळी वाढ बाहेर गेली. मूळ मडगार्डखाली २० मिमी ही लहान गोष्ट नाही.

त्यात उंचीही वाढते. मूळ टायरचा व्यास: १८५ च्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५, त्याची दुप्पट २४०.५, अधिक १५ इंचांचे ३८१, एकूण ६२१.५ मिमी. २०५/५५ आर १६ चा याच रीतीने ६३१.९ येतो. फरक १.७ टक्के. स्पीडोमीटरसाठी हा चालण्याजोगा असला, तरी त्रिज्या ५ मिमीने वाढली आणि हे ५ मिमी मडगार्डच्या कमानीतूनच जायचे. रिकाम्या गाडीत काही कळणार नाही. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊन एखादा खड्डा आला, की टायरचा खांदा मडगार्डच्या आतल्या कडेला लागेल. ती कड पत्र्याची असते. सुरुवातीला नुसता घासल्याचा आवाज येतो, नंतर टायरच्या बाजूवर गोल चर पडतो, आणि बाजू कापली गेली तर तो टायर दुरुस्त होत नाही. तुमच्या वर्गाच्या बहुतेक गाड्यांना मागे ट्विस्ट बीम असतो, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा. त्यात चाकाचा कल बदलून जागा करून घेता येत नाही. म्हणूनच संयोजकाला कड दुमडावी लागली असणार.

टायरचा उपाय सोपा आहे. १९५/५५ आर १६ घ्या. त्याचा व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे मूळ टायरपेक्षा फक्त ०.६ मिमीने कमी. भार निर्देशांक मात्र नीट बघा. तुमचा ८८ आहे, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ बऱ्याचदा ८७ मध्ये मिळतो, म्हणजे ५४५ किलो. तो घेऊ नका. हाच टायर ९१ एक्सएल (जादा भार पेलणारी बनावट) मध्येही बनतो, ६१५ किलोचा, तो घ्या. एक्सएल टायरला तोच भार उचलायला हवेचा दाब थोडा जास्त लागतो. टायर उत्पादकाच्या तक्त्यात तो दिलेला असतो, दुकानदाराला अंदाजाने भरू देऊ नका.

आता ईटी. इथेच गटखरेदीचा खरा फायदा आहे, आणि गटातल्या बहुतेकांना तो ठाऊक नसतो. अनेक कारखाने चाक ओततात तेव्हा बोल्टची भोकं पाडलेली नसतात आणि हबला टेकणारी बाजू जाड ठेवलेली असते. ऑर्डर आली की त्या बाजूचं मशिनिंग करून ईटी ठरवतात आणि मग भोकं पाडतात. म्हणजे एकाच साच्यातून ईटी ३५ ही निघतो आणि ४० किंवा ४२ ही निघू शकतो. मशिनिंगने धातू कमी होतो, त्यामुळे ईटी वाढवता येतो, कमी करता येत नाही, आणि तोही एका मर्यादेपर्यंतच, कारण टेकणारी बाजू पातळ होत जाते. ही मर्यादा कारखानाच सांगू शकतो. ३० संचांच्या ऑर्डरमध्ये १० संच वेगळ्या ईटीचे मागणं अवाजवी नाही. एकट्याने चार चाकं मागितली असती तर कोणी ऐकलंही नसतं.

तुमच्या गाडीला ७जे ईटी ४२ धरून बघा. १९५ चा टायर ७जे वर सुमारे २०५ मिमी भरतो, निम्मा १०२.५. मूळ ९५ पेक्षा ७.५ जास्त. ईटीचे ३ मिळवले की बाहेर १०.५ मिमी, आत ४.५ मिमी. व्यास तोच. हे माप मूळ मडगार्डखाली बसण्याची शक्यता खूपच जास्त आहे. १९५/५५ साठी ७ इंच ही रिमच्या मान्य रुंदीची वरची टोकाची मर्यादा आहे. टायरची बाजू थोडी ताणलेली दिसेल आणि फूटपाथला गाडी लावताना रिमची कड आधी घासेल. कारखान्याकडे त्याच डिझाइनचा ६.५जे साचा असेल तर तो या टायरला जास्त शोभतो. ६.५जे ईटी ४२ ला टायर बाहेर ८ आणि आत २ मिमी जातो. आमचा कौल त्यालाच.

ईटी वाढवून मागण्याची एक किंमत आहे, ती आधीच तपासायची. टेकणारी बाजू ७ मिमी कापली की पूर्ण चाक ७ मिमी आत येतं आणि आरेही तेवढेच ब्रेकच्या कॅलिपरजवळ येतात. १६ इंची चाकाच्या पोटात कॅलिपर मावेलच, पण आऱ्याचा आतला बाक कॅलिपरच्या बाहेरच्या अंगाला लागू शकतो. कारखान्याकडून त्या डिझाइनचा ब्रेक टेम्प्लेट मागा, म्हणजे आऱ्याच्या आतल्या बाजूची रेषा पूर्ण मापात छापलेला कागद. तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, पुढचं चाक काढून हबवर धरा आणि फिरवून बघा. वेगळ्या ईटीसाठी टेम्प्लेट वेगळा लागतो, हे सांगूनच मागा. कॅलिपर आणि आरा यांत किमान ३ मिमी मोकळे हवेत.

बाकीची मापं स्वतःच्या गाडीवर घ्यायला अर्धा तास लागतो. गाडी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरच्या सर्वांत फुगीर जागेपर्यंतचं अंतर मोजा; चारही चाकांचं वेगवेगळं, कारण डाव्या-उजव्या बाजूत काही मिलिमीटरांचा फरक बऱ्याच गाड्यांत असतो. मग पुढच्या चाकामागे हात घालून टायर आणि स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) यांमधली सर्वांत अरुंद जागा शोधा. तिथे फूटपट्टी जात नाही. मऊ क्लेचा गोळा दाबून बसवा, काढा आणि त्याची जाडी मोजा. नव्या मापाने टायर जेवढा आत जाणार तेवढे वजा करून ५ मिमीपेक्षा कमी उरत असतील, तर ते माप सोडून द्या. मागची मोजणी गाडीत पाच माणसं बसवून पुन्हा करा. तुमच्या वापरात खरी मोजणी तीच आहे.

पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. तुमचा ४×१००: चार बोल्ट, १०० मिमी. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या (हबमधून बाहेर आलेले, ज्यांवर नट लागतात ते दांडे) मध्यांमधलं अंतर हाच पीसीडी. गटात पाच बोल्टवाल्या गाड्या असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणायचं. जवळजवळचे आकडे इथे घात करतात: ४×९८ आणि ४×१००, ५×११२ आणि ५×११४.३. दोन मिलिमीटरच्या फरकाने चाक चढतं, नटही आवळले जातात, पण स्टड वाकून बसतात आणि नट सैल होत राहतात. ‘दोन्हीला चालतं’ असं कोणी म्हटलं तर त्या चाकाला दोन्हीची वेगळी भोकं आहेत का ते बघा. एकच लांबट भोक असेल तर ते चाक नको.

मधल्या भोकाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण नवी चाकं बसवल्यावर सर्वांत जास्त तक्रारी तिथूनच येतात. तुमच्या हबचा व्यास ५४.१, चाकाचं भोक ७३.१. मधली जागा भरायला ७३.१ ते ५४.१ ची हब रिंग लागते, चार. भार पेलला जातो तो नट आवळल्यामुळे चाक आणि हब यांत निर्माण होणाऱ्या घर्षणावर. रिंगचं काम नट आवळेपर्यंत चाक हबच्या बरोबर मध्यावर धरून ठेवणं. ती नसेल तर चाक किंचित बाजूला बसतं आणि ८० ते १०० किमीच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात, जिथे दोष नाहीच. प्लॅस्टिकची रिंग गंजत नाही पण सतत जोरात ब्रेक लागत असतील तर मऊ पडू शकते. ॲल्युमिनियमची उष्णता सोसते पण हबला गंजून चिकटून बसते, म्हणून तिला आतून पातळ ग्रीसचा हात लावावा. रोजच्या वापराला दोन्ही चालतात. कारखाना भोक थेट ५४.१ करून देत असेल तर ते सर्वांत चांगलं, मात्र ती चाकं पुढे मोठ्या हबच्या गाडीला विकता येणार नाहीत. रिंगा ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर सुट्या मागवताना माप चुकतं, आणि अर्ध्या मिलिमीटरने सैल रिंग असून नसल्यासारखीच.

नट हा दुसरा दुर्लक्षित भाग. नट चाकावर जिथे बसतो ती बैठक तीन प्रकारची असते: ६० अंशांचा शंकू, गोलाकार, आणि वॉशरची सपाट. बाहेरची बहुतेक अलॉय शंकूची असतात. तुमच्या मूळ चाकांची बैठक गोलाकार असेल तर जुने नट नव्या चाकात फक्त एका बारीक कडेवर टेकतील. टॉर्क रेंच (ठरावीक जोर झाला की सांगणारा पाना) क्लिक करेल, काम झालं असं वाटेल, आणि काही शे किलोमीटरमध्ये नट सैल होऊन भोक मोठं झालेलं असेल. स्टडचा धागाही बघा, एम१२×१.५ आणि एम१२×१.२५ हे दिसायला सारखे असतात आणि चुकीचा नट जोर लावला तर दोन फेऱ्या आत जातो. नट हाताने सहज फिरला पाहिजे. धाग्याची पकड किमान स्टडच्या व्यासाएवढी हवी: १२ मिमी स्टडला १.५ धाग्यावर ८ फेरे, १.२५ धाग्यावर १०. अलॉय चाकाची बैठक पत्र्याच्या चाकापेक्षा जाड असते, म्हणून फेरे मोजायचेच. उलट बाजूने, टोपीबंद नट फार आखूड असेल तर स्टडचं टोक टोपीला आतून टेकतं आणि चाक न दाबताच नट घट्ट लागतो. तुमच्या गाडीला स्टडऐवजी बोल्ट असतील तर लांबी दोन्ही बाजूंनी नेमकी लागते. फार लांब बोल्ट मागच्या ड्रममधल्या ब्रेकच्या भागांना जाऊन लागतो.

आता चाकाचा दर्जा. रिमच्या मागच्या बाजूला ओतलेल्या खुणांचा जवळून काढलेला फोटो मागा: रुंदी, ईटी, जास्तीत जास्त भार, उत्पादनाची तारीख आणि मानकाची खूण. जेडब्ल्यूएल हे जपानचं हलक्या मिश्रधातूच्या चाकांचं मानक, पण ती खूण उत्पादक स्वतः घोषित करून लावतो. शेजारी व्हीआयए असेल तर चाकाची स्वतंत्र चाचणी आणि नोंदणी झालेली असते. जर्मनीचं टीयूव्ही प्रमाणपत्र किंवा बदली चाकांसाठीच्या ईसीई आर१२४ या नियमाची मान्यता हेही भक्कम पुरावे. चाचण्या मुख्यतः तीन: फिरवत वाकवण्याची, ड्रमवर भाराखाली चालवण्याची आणि आघाताची. नुसती खूण पुरेशी धरू नका, चाचणी अहवाल मागा आणि त्यावर तुमचाच आकार आणि भार आहे ना ते वाचा. १७ इंची चाकाचा अहवाल १६ इंचीला लागू होत नाही. ईटी बदलून घेत असाल तर त्या ईटीलाही तोच भार लागू आहे, असं कारखान्याकडून लेखी हवं. चाकाचा भार किती लागतो? गाडीच्या पाटीवर प्रत्येक ॲक्सलचा कमाल भार दिलेला असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा चाकाचा आकडा कमी नको.

‘फ्लो फॉर्म्ड’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चाकाचा पिंपासारखा भाग गरम असताना दाब देत फिरवून ताणलेला आहे. त्याने तो भाग पातळ असूनही मजबूत होतो आणि वजन वाचतं. समोरचे आरे मात्र साध्या ओतीव चाकासारखेच असतात. एका चाकाचं वजन विचारा आणि आल्यावर काट्यावर ठेवून बघा. रंग निवडता येत असेल तर पूर्ण रंगवलेलं घ्या. डायमंड कटच्या चकचकीत पृष्ठभागावर फक्त पारदर्शक लेप असतो. खडा लागून तो उडाला की ओल आत शिरते आणि पांढऱ्या रेघा पसरत जातात, त्या घासून जात नाहीत.

पैशांचं बोलू. ५० टक्के ॲडव्हान्स एका व्यक्तीच्या खात्यावर, हा या व्यवहारातला सर्वांत कच्चा दुवा आहे, माणूस कितीही सज्जन असला तरी. कारखान्याने उशीर केला किंवा माल परत घ्यायला नकार दिला, तर तुमच्या हातात कारखान्याचा कागद असायला हवा. पैसे थेट विक्रेत्याला जावेत आणि बिल तुमच्या नावाचं असावं. त्यात आकार, ईटी, मधलं भोक, रंग, चाकांची संख्या, रिंगा आणि नट लिहिलेले असावेत. वॉरंटीही त्याच बिलावर चालते. संयोजकाच्या नावाच्या एकाच बिलावर ३० जणांची वॉरंटी म्हणजे प्रत्येक तक्रारीला त्यालाच पुढे व्हावं लागणार, आणि वर्षभराने त्याने गाडी विकली तर कोण पुढे होणार? थेट भरणं शक्यच नसेल तर रक्कम हप्त्यांत द्या: थोडी ऑर्डरला, मोठी तयार मालाचे खुणांसकट फोटो आल्यावर, उरलेली माल हातात आल्यावर.

भावाबद्दल तीन गोष्टी लेखी हव्यात. ३० संच झाले नाहीत तर भाव काय आणि पैसे परत मिळणार का, हे पहिलं. तुमचे अजून सात कमी आहेत आणि ॲडव्हान्स भरायच्या वेळी तीन-चार जण मागे हटणं नेहमीचंच. दुसरं, १५ टक्के सूट कशावर? मालाच्या भावावर असेल आणि वाहतूक, विमा, कर, आयात होत असेल तर जकात आणि चलनाच्या दरातला फरक वेगळा पडणार असेल, तर घरपोच रकमेची तुलना करा. चार चाकांची खोकी जड आणि मोठी असतात, वाहतुकीत सूट सहज निघून जाते. तिसरं, तारीख. कोणत्या तारखेपर्यंत माल निघाला नाही तर पूर्ण पैसे परत मिळतील, ती तारीख.

गटाला एक सूचना जरूर करा. ३० संच म्हणजे १२० चाकं. त्यांत एखादं खरचटलेलं, एखादं डोलणारं निघेल. बदली चाक पुढच्या उत्पादनाच्या वेळीच मिळतं आणि तोवर तो सदस्य तीन चाकं घेऊन बसतो. सगळ्यांनी मिळून प्रत्येक ईटीची दोन चाकं जादा घेतली तर हा प्रश्न सुटतो. न वापरली गेलेली चाकं शेवटी गटातच विकली जातात, कारण कोणाचं तरी चाक वर्षभरात खड्ड्यात वाकतंच.

तुमच्या पाचव्या चाकाचं उत्तरही यातच आहे. १९५/५५ आर १६ घेतलात तर मूळ १५ इंची स्टेपनीचा व्यास जवळजवळ तोच राहतो, म्हणून पाचवं अलॉय लागत नाही. गटाच्या २०५/५५ वर गेलात तर स्टेपनी १० मिमीने लहान पडते आणि ती पुढे लावून लांब जाणं डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) बरं नाही. दोन्ही बाबतींत स्टेपनीच्या चाकाला चालणारे मूळ नट डिकीत ठेवा, आणि नव्या नटांना वेगळी चावी असेल तर तीही.

माल आला की खोकी उघडतानाच व्हिडिओ काढा, वाहतूकदाराच्या पावतीवर सही करण्याआधी. खोक्यावरचं नाही, चाकावर ओतलेलं माप वाचा, चारही चाकांचं. मग सर्वांत महत्त्वाचं: टायर चढवण्याआधी चाक गाडीवर लावून बघा. टायर चढला की विक्रेते चाक परत घेत नाहीत. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, रिंग बसवा, नट आधी हाताने आणि मग समोरासमोर अशा क्रमाने आवळा. चाक हाताने फिरवा. कॅलिपरला काही लागतंय का ते ऐका. रिमच्या कडेजवळ एक स्थिर टोक धरून डोल बघा; अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर डायल गेजने मोजून विक्रेत्याला कळवा. पुढचं एक आणि मागचं एक, एवढं तपासलं तरी माप पक्कं कळतं.

टायर चढल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा आणि गाडी पूर्ण भरून एका उंचवट्यावरून हळू न्या. बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची असतील तर ती कॅलिपरपासून दूर आहेत ना ते सांगून करून घ्या. गाडीला हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते जुन्या चाकातून नव्यात येणार का, व्हॉल्व्हचं भोक त्यांना जुळतंय का, हे ऑर्डरच्या वेळीच विचारलेलं असावं. नटांचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेतला. हवेच्या गनने आवळू देऊ नका. नवा रंग दबला की पकड थोडी ढिली होते, म्हणून ५० ते १०० किमी झाल्यावर चाक गार असताना पुन्हा टॉर्क तपासा. आपल्या विमा कंपनीला बदल लेखी कळवा, आणि तुमच्याकडच्या वाहन नियमांत टायर मडगार्डबाहेर येण्यावर आणि मूळ आकार बदलण्यावर काय बंधनं आहेत ते ऑर्डरआधी वाचा. त्या कारणावरून दावा नाकारला गेला तर १५ टक्के सूट फार महाग पडेल.

संयोजकाला आजच लिहा: “मला ६.५जे ईटी ४२ हवं आहे. तो साचा नसेल तर ७जे ईटी ४२. कृपया कारखान्याला विचारा. त्या ईटीचा ब्रेक टेम्प्लेट, भारासह चाचणी अहवाल, माझ्या नावाचं बिल आणि पैसे परतीची तारीख मिळाली की लगेच ॲडव्हान्स भरतो.” गटातल्या मूळ मडगार्डवाल्या बाकीच्यांनाही हा हिशेब दाखवा, आठ-दहा जणांनी एकत्र मागितलं तर कारखान्यालाही ते सोयीचं पडतं. रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मुदत जाऊ द्या.

जुनी चाकं मात्र आत्ता विकू नका. नव्या चाकांवर हजारेक किलोमीटर नीट चालू द्या, भरलेल्या गाडीने एखादा लांबचा प्रवासही होऊ द्या. एखादं चाक वॉरंटीत परत पाठवावं लागलं तर गाडी उभी राहू नये म्हणून तोच संच कामाला येतो. ती टायरसकट ठेवायची असतील तर हवा थोडी कमी करून आडवी, एकावर एक, उन्हापासून दूर ठेवा, आणि कोणतं चाक कुठल्या बाजूचं ते खडूने टायरवर लिहून ठेवा.